वावेचं रीळ, आणि दांडिया बाजारातले रिळंवाले काका : माझा अनुभव

4 स्टार. ज्या कामासाठी गेले होते ते काम काकांनी केलंच नाही, तोंडावर नाही म्हणाले, आणि ते नाही म्हणाले म्हणूनच मी आज हे लिहायला बसलेय. एक स्टार का कापला ते पुढे सांगते, आधी बाकीचं वाचा, थोडं लांबेल पण ज्यांच्या घरी माळ्यावर जुने फिल्मचे डबे पडलेत त्यांनी तरी पूर्ण वाचाच.

दुकान बडोद्यात दांडिया बाजारात आहे, फायर स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. बोर्ड नाही. काकांनी नाव टाकू नको असं सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण खाली पानवाल्याला रिळंवाले काका म्हणलं की तो हात करून दाखवतो. 8 एमएम, सुपर 8, 16 एमएम, व्हीएचएस कॅसेटी, हे सगळं डिजिटल करून देतात. प्रोजेक्टरवर भिंतीवर चालवून समोरून मोबाईलने शूटिंग असला प्रकार नाही, नीट स्कॅनर आहे, एकेका फ्रेमचा वेगळा फोटो निघतो, आणि फिल्म दात्यांवर ओढली जात नाही, नुसती रोलरवरून सरकते, त्यामुळे कडेची भोकं फाटलेली असली तरी जाते. मी नेलेल्या दुसऱ्या रिळांचं काम त्यांनी केलं, त्यात मला 50 फुटी सुपर 8 च्या एका रिळाचे 850 रुपये पडले, पेन ड्राइव्ह आपला न्यायचा.

आता मी तिथे काय घेऊन गेले होते ते.

आमच्या घरात एक पिक्चर आहे ज्याचं नाव कोणी घेत नाही. म्हणजे त्याला नाव असेलच, पण आमच्याकडे त्याला फक्त वावेचं रीळ म्हणतात, ते पण हळू आवाजात आणि तिन्हीसांजेला तर नाहीच. पणजोबांचा तंबूतला सिनेमा होता, बडोदा संस्थानातल्या गावोगावच्या जत्रांना फिरायचा, कडी प्रांत, नवसारी प्रांत, बैलगाडीत मशीन, तंबू आणि रिळं, आणि पुढे पेटी-तबलावाले बसायचे कारण पिक्चर मुके होते. त्यांच्याकडे एक वावेचा पिक्चर आला. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आपल्याकडे गुजरातेत पावलोपावली आहेत. गोष्ट जुनीच, वाव खणली पण पाणी लागत नाही, मग सुनेचा बळी द्यायचा ठरतो आणि ती एकेक पायरी उतरते आणि एकेका पायरीला पाणी वर येतं, आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला. वढवाणच्या माधावावची अशीच गोष्ट आहे, त्यावरचं लोकगीत गुजराती घरांमधून अजून म्हणतात.

नवसारी प्रांतात एका जत्रेत हा पिक्चर लावला होता. सून वावेच्या तोंडाशी येते इथपर्यंत खेळ झाला आणि मशीनमधल्या रिळाने पेट घेतला. लोक पळाले. पणजोबांचा धाकटा भाऊ आणि पेटी वाजवणारे गृहस्थ, हे दोघं धुरात परत परत आत शिरून उरलेली रिळं बाहेर काढत होते. आणि लक्षात घ्या, त्या आगीत कोणीही मेलं नाही. कोणाला मोठं भाजलं पण नाही. दोघं रात्री मुक्कामावर आले, भाकरी खाल्ली, आगीची गंमत सांगून हसले सुद्धा, आणि झोपले. पहाटे दोघंही आपापल्या अंथरुणात मेलेले. तोंडाला गुलाबी फेस. छाती पाण्याने भरल्यासारखी. पणजी म्हणायची ती वाक्यं आमच्या आत्याला पाठ आहेत, "कोरड्या अंथरुणात बुडाले रे दोघं. पाण्याचा थेंब नव्हता जवळ, आणि बुडाले."

त्या खेळातून एकच रीळ वाचलं, शेवटचं. पाणी चढतं ते. म्हणजे आमच्या घराण्यात तो शेवट कोणीच पाहिलेला नाही, आणि पाहायचा नाही असा दंडक झाला. ती बाई पाणी घेऊन येते, असं.

आणि रीळ टाकून पण दिलं नाही. ते सांभाळायचे नियम होते, पणजोबांनी घालून दिलेले, पणजीने आजीला दिले आणि आजीने आत्याला. डबा जमिनीवर ठेवायचा, पाण्याच्या रांजणाशेजारी. ऊन दाखवायचं नाही. दिवा, निरांजन, उदबत्ती जवळ न्यायची नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, आणि झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली होती, तिचा जीव गुदमरू नये म्हणून. चैत्र-वैशाखात रोज संध्याकाळी ओलं फडकं घालायचं, तेव्हा तिला तहान लागते म्हणून. लहानपणी मी आणि माझा चुलत भाऊ ही गोष्ट ऐकून रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायला घाबरायचो, तहान तशीच दाबून झोपायचो.

मला हे रीळ का हवं होतं ते पण सांगते, कारण आत्याने मला हाच प्रश्न शंभर वेळा विचारला. मला जुन्या पिक्चरचं वेड आहे. आपल्याकडे 1,300 च्या वर मूकपट बनले आणि आज उरलेत तीसच्या आसपास, तेही बरेचसे तुकड्या-तुकड्यांत. आलम आरा, आपला पहिला बोलपट, 1931 चा, त्याची एक फूट फिल्म कुठे नाही. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर त्याच्या शोधात त्याचे दिग्दर्शक आर्देशीर इराणींच्या घरी गेले होते, तेव्हा मुलाने कबूल केलं की तीन रिळं होती पण चांदी काढायला देऊन टाकली. फिल्मवर चांदी असते ना, लोक भंगारात घालून चांदी काढायचे. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच, की आपल्या घरात एक हरवलेला पिक्चर आहे, अर्धवट का होईना, आणि आपण त्याला फडकं घालून बसलोय.

पण रीळ सापडेना. रावपुऱ्यातला वाडा विकून सगळे समा भागातल्या बंगल्यात आले तेव्हा डबा आला होता, रांजणही आला होता, आजी होती तोवर दोन्ही जागेवर होते. आजी गेली आणि नंतर फिल्टर आला, रांजण अंगणात गेला तुळशीशेजारी, आणि डब्याचं कोणालाच आठवेना. मी 3 वर्षं शोधलं. कोठीची खोली, पलंगाखालच्या पेट्या, काकाच्या मांजलपूरच्या फ्लॅटचा माळा. आत्याला विचारलं की ती विषय बदलायची, एकदा चिडून म्हणाली, "अगं हरवलं असेल तर हरवू दे ना, तुला काय तिला हाक मारायची आहे?" त्या दिवशी मी पण थोडी दचकले, खोटं कशाला बोलू.

मग 2024 चा ऑगस्ट. विश्वामित्री नदी घरात आली. समात ज्यांची घरं आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, गल्लीत मगरीची भीती, मुलं दोन रात्री गच्चीवरच. खालचं जे हाताला लागलं ते सगळं उचलून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत फेकलं होतं, आणि पाणी उतरल्यावर निम्मं तिथेच राहिलं, सगळ्यांच्या घरी तसंच झालंय. आत्या तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आली बघा पाणी घेऊन." कोणी काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, रविवारी दुपारी, मी त्या पत्र्याच्या खोलीत कुलरचं स्टँड शोधायला गेले. बाहेर 42 डिग्री, पत्र्याखाली किती ते देव जाणे, हात लावेल ती वस्तू चटका देत होती. आणि एक वास. मला वाटलं उंदीर मेलाय. मग वाटलं नाही, हे न धुतलेल्या मोज्यांसारखं आहे, आणि त्यात काहीतरी आंबट-जळकं. वास काढत काढत गेले तर गाद्यांच्या मागे भिंतीला टेकून डबा. गोल, पत्र्याचा, गंजलेला, झाकणाला खिळ्याची भोकं. कडेने लालसर तपकिरी भुकटी सांडलेली, मला खरंच वाटलं की कुंकू आहे, आजीने वाहिलेलं. मी बोटाने चाचपून बघितलं. झाकण उचललं. डोळे झोंबले, एकदम पाणीच आलं, डोकं ठणकायला लागलं. आत रीळ होतं, मधासारखं चिकट झालेलं, कडेला बुडबुडे आलेले.

रात्री मला खोकला सुरू झाला. झोपले की छाती भरल्यासारखी वाटायची, उठून बसलं की बरं. आत्याला सांगितलं नव्हतं मी डबा सापडल्याचं, पण ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि लाइट न लावता म्हणाली, "उघडलंस ना तू." मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही. पहाटेपर्यंत बसून काढली, झोपायची हिंमतच झाली नाही, कारण ते दोघं झोपले होते आणि उठले नव्हते.

सोमवारी मी काय केलं तर डबा पिशवीत घातला, अॅक्टिव्हाच्या सीटखाली डिकीत टाकला आणि निघाले. भर दुपारी 2 वाजता. आधी दुसरीकडे गेले होते, एका स्टुडिओत, तिथे फोनवर विचारलं तर म्हणाला होता की घेऊन या बेन, आपल्याकडे जुनं मशीन आहे, त्यावर चालवू आणि समोरून कॅमेरा लावू, 500 मध्ये होऊन जाईल. त्याचं शटर दुपारचं बंद होतं. बस एवढंच. दुपारी झोपायला दुकान बंद करायची आपल्या बडोद्याची सवय, त्याने वाचवलं. तिथेच बाहेर एकाने सांगितलं की दांडिया बाजारात काका आहेत, त्यांच्याकडे जा.

काकांचं वय सत्तरीच्या पुढे असेल, पूर्वी थिएटरमध्ये ऑपरेटर होते. मी जिना चढून आत गेले, टेबलावर पिशवी ठेवली, डबा बाहेर काढला. त्यांचा एक पोरगा कोपऱ्यात कशालातरी सोल्डरिंग करत होता. भिंतीवर दादासाहेब फाळक्यांचा फोटो, खाली गणपती, गणपतीपुढे उदबत्ती. काका बिलबुक शोधत होते, त्यांनी वर पाहिलं नाही, नुसतं नाक वर केलं. मग जागेवरून उठले, पोराला म्हणाले, "बंद कर. प्लग काढ." आवाज चढवला नाही. आणि गणपतीपुढची उदबत्ती चिमटीत धरून विझवली, उघड्या बोटांनी. मग पंखा राहू दे पण खिडक्या सगळ्या उघड म्हणाले. मी काहीतरी बोलायला गेले आणि खोकले.

"खोकला कधीपासून आहे?"

मी म्हणलं कालपासून.

"हे उघडल्यापासून?"

मी हो म्हणलं. त्यावर ते म्हणाले, "बाळ, आधी डॉक्टरकडे जा, छातीचा फोटो काढून घे, मग आपण बोलू. हे इथेच राहू दे. आता परत उन्हात न्यायचं नाही."

मी गेले. फोटो ठीक आला, डॉक्टरांनी औषध देऊन दोन दिवस लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत आले तर काकांनी डबा मधल्या गार खोलीत फरशीवर ठेवला होता, शेजारी पाण्याने भरलेला लोखंडी पिंप. मी ते बघून दारातच थांबले. पाण्याशेजारी, जमिनीवर, झाकण ढिलं. त्यांना आमच्या घरचे नियम मी अजून सांगितलेच नव्हते.

मग सांगितले. सगळं सांगितलं, वाव, सून, फेस, कोरड्या अंथरुणात बुडालेले ते दोघं. काका हसले नाहीत, यासाठी मी त्यांना वेगळे 5 स्टार देईन. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात, दिवा न लावता, फिल्मची कड भिंगातून दाखवली. कडेला छापलेलं होतं, नायट्रेट.

तर प्रकार असा आहे. 1951 च्या आसपासपर्यंत थिएटरात चालणारी 35 एमएम फिल्म बहुतेक नायट्रेटवर असायची. बंदुकीच्या दारूत जो गनकॉटन वापरतात त्याचाच हा भाऊ. नवी असते तेव्हा चित्र असं सुंदर दिसतं म्हणतात की नंतरच्या फिल्मला ती सर नाही. पण पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या आतच असतो, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि जुनी होऊन सडायला लागली की 41 डिग्रीच्या आसपास सुद्धा स्वतःहून पेटू शकते, काडी लागत नाही. आमच्या पत्र्याच्या खोलीत ती वैशाखभर होती. खाली माझ्या भाच्यांची झोपायची खोली.

आणि तिचा धूर. काकांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं की आगीला भिऊ नकोस, धुराला भी. त्या धुरातला वायू श्वासातून आत गेला की छातीतल्या ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होतं. लगेच काही वाटत नाही, थोडा खोकला, थोडं झोंबतं, माणूस घरी येतो, जेवतो, हसतो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं, तोंडाला फेस येतो. माणूस खरोखर बुडतो. कोरड्या अंथरुणात. पणजीने जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं, एक शब्द वाढवला नव्हता.

घरी येऊन मी वाचत बसले तर अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका मोठ्या दवाखान्यात 15 मे 1929 ला हेच झालेलं. तिथे एक्स-रेच्या फिल्म नायट्रेटच्या होत्या, तळघरात पेटल्या, 123 माणसं गेली, त्यातली कितीतरी आगीने नाही तर वायूने, आणि काही तर स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आली होती, ठीक आहे म्हणाली होती, आणि नंतर गेली. त्याच संध्याकाळी माझ्या छातीचा फोटो समोर टेबलावर पडलेला आणि मी हे वाचतेय. मला रडू आलं. त्या धाकट्या पणजोबांसाठी, आणि त्या पेटीवाल्यांसाठी, ज्यांचं नाव पण आमच्या घरात कोणाला माहीत नाही.

काकांचा अंदाज असा की पणजोबांना हे सगळं ठाऊक असणार. धंद्यातला माणूस. पण घरातल्या बायका-पोरांना वायू, आम्ल सांगून कोण ऐकणार, एक पिढी ऐकेल, दुसरी विसरेल. म्हणून त्यांनी त्यात बाई बसवली. उदबत्ती नको, ऊन नको, झाकण घट्ट नको म्हणजे वायू आत कोंडणार नाही, वैशाखात ओलं फडकं. हे नियम जवळपास जसे अर्काइव्हवाले पाळतात तसेच. फक्त ओल चुकली. ओल फिल्मला वाईट. काका म्हणाले ते मी तसंच लिहिते, "फडक्याने चित्र गेलं, आणि फडक्यानेच घर राहिलं."

त्यांनी मग फाळक्यांच्या फोटोकडे बघत सांगितलं की फाळके इथे आपल्या कलाभवनात शिकले, आणि पुढे बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा टाकला तर चालेना, कारण गावात बोलवा उठली की कॅमेरा माणसाचा जीव ओढून घेतो, फोटो काढला की मरण लवकर येतं. मला त्या दिवशी त्या लोकांना वेडं म्हणायची इच्छा झाली नाही.

स्कॅन करायला साफ नकार. दुप्पट पैसे देते म्हणलं तरी नाही. "मशीनला लावायचं तर सोड, मी हे पूर्ण उलगडणार पण नाही. चांगलं असतं तर मी स्वतः पुण्याला अर्काइव्हला लिहायला लावलं असतं, ते रेल्वेनं, कुरियरनं असंच पाठवता येत नाही, त्याचे कायदे आहेत, 1948 पासूनचे. पण हे गेलंय." 2003 च्या 8 जानेवारीला पुण्यात नायट्रेटचं अख्खं गोदाम जळालं ते त्यांनी सांगितलं, आणि सांगताना जिवलगाच्या मयताचं सांगावं तसा त्यांचा आवाज झाला.

पण मी एवढं शोधलं म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक केलं. हातमोजे घालून, उघड्या खिडकीपाशी, बाहेरचे दोन वेढे जेवढे सुटले तेवढे सोडवले. बाकीचं एकजीव झालेलं होतं. त्या दोन वेढ्यांत बहुतेक फ्रेम पिवळ्या पडून पुसलेल्या, दोन दिसत होत्या. मला भिंग दिलं.

वावेच्या पायऱ्या. दगडाची कड, त्यावर एक हात, बांगड्या. पदर. चेहरा नाही, चेहऱ्याच्या जागी सगळं वितळून वाहिलेलं, वरून खाली नाही तर खालून वर, पायऱ्यांवरून वर चढत आलेलं, दुसऱ्या फ्रेममध्ये पहिल्यापेक्षा जास्त. ती पाण्यात उतरली होती की चित्रच पाणी झालं होतं ते मला कळलं नाही. काकांना विचारलं, ते म्हणाले सडलं की असंच वाहतं. मी परत पाहिलं. हात तसाच कडेला घट्ट धरून होता. ते दोन फोटो मी मोबाईलवर काढलेत, आत्याला अजून दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, फायर स्टेशनवरून माणसं आली आणि रीळ पाण्याच्या पिंपात बुडवून घेऊन गेली. पेटल्यावर पाणी काही करू शकत नाही, म्हणून पेटायच्या आधीच पाण्यात. काकांनी हे बोलणं केलं, फोन केले, कागद लिहून दिला, आणि माझ्याकडून या सगळ्याचे शून्य रुपये घेतले. बुडबुडे वर आले थोडे. काकांनी हात जोडले, मग मी पण जोडले.

आता एक स्टार का कापला. दुकान उघडायची वेळ फोनवर 10 सांगतात आणि येतात साडेअकराला. जिना अंधारा आहे, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. पार्किंगचं नावच घेऊ नका. आणि माझी दुसरी रिळं 8 दिवसांत देतो म्हणून 5 आठवडे लावले, व्हॉट्सअॅपला उत्तर नाही, प्रत्येक वेळी चक्कर मारावी लागली. काम मात्र स्वच्छ, रंग ओढून ताणून भडक केलेले नाहीत.

ज्यांच्या घरी डबे आहेत त्यांच्यासाठी, काकांनी सांगितलेलं. रुंद फिल्म असेल, 35 एमएम, आणि 1951 च्या आधीची, तर ती घरात उलगडू नका, प्रोजेक्टरला तर अजिबात नाही. कडेला सेफ्टी लिहिलं असेल तर बहुतेक तशी आगीची भीती नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती अॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्मच, ती सडतेय पण स्वतःहून पेटणार नाही, लवकर स्कॅन करून घ्या. मोज्यांसारखा कुबट वास आणि तपकिरी भुकटी असेल तर हात लावू नका, गार जागी राहू द्या, झाकण घट्ट करू नका, फायर ब्रिगेडला फोन करा. घरगुती 8 आणि 16 एमएम सेफ्टीवरच असतात, ती बिनधास्त न्या. आणि कोणी म्हणालं आणा, मशीनवर चालवून बघू, तर तिथून निघा.

माझी दुसरी रिळं म्हणजे आजोबांनी काढलेल्या सुपर 8, सत्तरच्या दशकातल्या, त्याच पत्र्याच्या खोलीत सापडल्या, चार होत्या. एका रिळात जेमतेम 3 मिनिटं 20 सेकंद. बारसं, सुरसागरच्या काठावर उभे राहिलेले काका, कमाटी बागेत आत्या, दोन वेण्या घातलेली. चौथ्या रिळात रावपुऱ्याच्या वाड्याचं स्वयंपाकघर आहे. आजोबा बहुतेक नवीन कॅमेरा म्हणून उगाच फिरवत होते, चूल, फडताळ, रांजण. रांजणाशेजारी डबा. आजी येते, नऊवारीचा ओचा खोचलेला, रांजणातून तांब्या भरते, फडकं भिजवते, पिळते, डब्यावर घालते, चारी कोपरे सारखे करते, जसं झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसं. मग काहीतरी बोलते. आवाज नाही. डब्याकडे बघून बोलते, आजोबांकडे नाही.

आत्याला दाखवलं. तिने तीनदा मागे घेऊन बघितलं. मी विचारलं आजी काय म्हणतेय, तर आत्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "पाणी दिलंय, झोप आता. रोज म्हणायची."